पुढची जागा

मायते: उंबऱ्यातून काय विचारतोस, एलोई, आत ये. माझा नवरा चीजला मीठ चोळतोय, हात गुंतलेत त्याचे. पळून जाणार नाही.

आर्नो: मी उत्तर दिलंय. नाही.

एलोई: प्रश्न तरी पुरता ऐक.

आर्नो: पुढच्या रविवारी पो शहरात शर्यत आहे, दोघांच्या होडीची. आणि तुझ्या होडीत पुढे बसायला माणूस नाही. ऐकला की.

एलोई: माझी शेवटची शर्यत आहे. ऑलिम्पिकमधून दोघांची होडी काढून टाकली ना, तेव्हाच माझा जोडीदार कोरांतँ म्हणाला, मी आता एकट्याच्या होडीत जातो. त्याचं बरोबर आहे. वय आहे त्याच्या हातात. मला एकट्याने वल्हवता येत नाही रे. म्हणजे येतं, पण जत्रेत एकट्यानेच पाळण्यात बसल्यासारखं वाटतं.

आर्नो: माझ्याकडे नीट बघ. हे पोट होडीच्या भोकातून आत जाईल का?

मायते: लोणी लावलं तर जाईल.

आर्नो: तू कुणाच्या बाजूने आहेस?

मायते: मी सूप ढवळतेय.

एलोई: जिंकायला कोण बोलावतंय? पहिल्यांदा बसलो तेव्हा तरी कुठे जिंकायला बसलो होतो आपण? क्लबात एकच होडी रिकामी होती. मागची जागा मी बळकावली म्हणून तू पुढे बसलास. तिथून थेट देशाच्या संघापर्यंत तसेच बसून राहिलो.

आर्नो: तेव्हा गुडघे होते. आता खाली बसलो तर मेंढीला धरून उठावं लागतं.

एलोई: खरं कारण सांग.

आर्नो: हेच खरं आहे.

मायते: हे नाही.

आर्नो: मायते, राहू दे.

मायते: का राहू दे? इतकी वर्षं तेच ऐकतेय मी. एलोई, ह्याचे वडील कड्यावरून पडले तेव्हा तुमची ऑलिम्पिकची निवड तोंडावर आली होती. इकडे म्हातारा अंथरुणावर, तिकडे डोंगरावर मेंढ्या. ह्याने तुला फोन करून सांगितलं, मी येत नाही. तेव्हापासून हा धरून बसलाय की तुझं ऑलिम्पिक ह्याने बुडवलं.

आर्नो: बुडवलंच. कोरांतँशी जुळेपर्यंत ह्याची वर्षं गेली, आणि जुळलं तोवर तो खेळच काढून टाकला. कुठल्या तोंडाने बसू त्या होडीत?

एलोई: फोनवर मी काय म्हणालो होतो, आठवतं?

आर्नो: "बरं" म्हणालास.

एलोई: दुसरं काही सुचलंच नाही. तुझ्या बाबांचं विचारायलाही सुचलं नाही. मग पुढे जागतिक स्पर्धेत कांस्य मिळालं, तेव्हा वाटलं, आता कसं जायचं? ह्याच्याशिवाय मिळवलेलं पदक ह्याच्याच दारात काय मिरवायचं?

मायते: त्या दिवशी आमचं दूध गेलं.

एलोई: कसलं दूध?

मायते: चीजचं. हा मोबाइल फळीवर उभा करून तुमची शर्यत बघत होता. हातात पळी, समोर कढई. डावीकडे वल्हं मारतोय, उजवीकडे मारतोय. दोन लोंबत्या दांड्यांमधलं ते धारेच्या उलट वर जायचं फाटक आलं, तसा अख्ख्या अंगाने वळला. अर्धी कढई जमिनीवर. कुत्र्याची चैन झाली.

एलोई: तू बघितलीस?

आर्नो: कोरांतँ त्या फाटकाला उशिरा वळतो.

एलोई: उशिराच वळतो. सांगून सांगून थकलो मी.

आर्नो: त्याचा खांदा दांडीला लागतोय, दंड बसतोय असं वाटलं. मी डोळेच मिटले.

एलोई: नाही लागला.

आर्नो: माहीत आहे. काठावर तुझी आई आनंदाने ओरडली ना, मोबाइलवर ऐकू आलं, त्यावरून कळलं.

मायते: रविवारी मेंढ्यांचं मी बघते.

आर्नो: तुला एकटीला नाही उरकणार.

मायते: माझी बहीण येतेय. बोलावून झालंय.

आर्नो: म्हणजे सगळं ठरलेलंच होतं.

मायते: सूपही तिघांचं केलंय. हात धुऊन या.

(पुढचा रविवार, पो. शर्यत संपली आहे. एलोई आणि आर्नो ओल्या कपड्यांनी होडीशेजारी गवतावर आडवे. मायते काठावरून खाली येते.)

मायते: शेवटून तिसरे.

आर्नो: शेवटून चौथे. तुलूजवाल्यांचं एक फाटक चुकलं.

मायते: माफ करा. आणि बहिणीला मेंढ्यांपाशी सोडून आले मी. राहवेना.

एलोई: गुडघे कसे आहेत?

आर्नो: कुठे आहेत ते आधी कळू दे.

मायते: मला भीती वाटत होती. बाकीच्या होड्यांत मागचा माणूस पुढच्याला सारखा ओरडून सांगत होता. तुम्ही दोघं मुके. म्हटलं, पाण्यातच भांडले की काय.

एलोई: कोरांतँबरोबर माझाही घसा बसायचा.

आर्नो: मग आज गप्प का होतास?

एलोई: काय सांगू? माझ्या मनात येईपर्यंत तुझं वल्हं पाण्यात गेलेलं असायचं.

आर्नो: दोन दांड्यांना लागलो.

एलोई: एकीला मी लागलो.

आर्नो: दुसरीला पोट.

मायते: थर्मासमध्ये कॉफी आहे. घ्या, थरथरताय दोघंही.

एलोई: आर्नो, उद्या सोमवार आहे.

आर्नो: हं.

एलोई: सोमवारी सकाळी मी पाण्यावर असतो. शाळेत होतो तेव्हापासून. उद्या उठून काय करायचं, ते मला माहीत नाही.

आर्नो: आम्ही पहाटे धारा काढतो. ये.

एलोई: मला काढता येत नाहीत.

आर्नो: सुरुवातीला कुणालाच येत नाहीत. मला तरी कुठे येत होत्या? बाबा खाटेवरून ओरडायचे.

मायते: आणि हे नवे बूट नकोत, एलोई. जुने घालून ये.