जावयाच्या गालावरचे जिवाणूजन्य ठिपके

नाव-पत्ता वहीत नोंदवल्याप्रमाणे. गल्लीत मला 'कवितामास्तर' म्हणतात. वय ७४. धंदा : निवृत्त शिक्षक, सध्या परसात टोमॅटो. समक्ष हजर राहून सांगतो की,

घरी मी, मुलगी व जावई असे राहतो. परसात टोमॅटोची सव्वीस झाडे होती. बी माझ्या पत्नीने एकोणीस वर्षे राखलेले. यंदा पुडीतले सगळे पेरले. पत्नी आता नाही. तिच्याविषयी मी कविता म्हणू लागलो, ती हवालदारसाहेबांनी लिहून घेतली नाही.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी चार दिवस दवाखान्यात होतो. झाडांना पाणी घालण्याचे जावईबापूंनी कबूल केले होते. तीन तारखेस सकाळी दहाला परतलो तो सगळी झाडे नुकतीच उपटून ढीग घातलेला.

जावई म्हणाले, "बाबा, झाडांनी माना टाकल्या होत्या. झाडांचे रोग ओळखणाऱ्या ॲपवर फोटो टाकला. जिवाणूजन्य मर, चौऱ्याण्णव टक्के!"

मी विचारले, "पाणी घातलं होतंत?"

"ॲपमध्ये तसा प्रश्नच नव्हता."

माती उकरून पाहिली. कोरडी ठणठणीत.

तरी यंत्रावर अन्याय नको म्हणून ढिगातली एक फांदी तिरपी कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात सोडली. हा रोग असला तर कापातून दुधासारखा धागा उतरतो. चांगल्या डोळ्याने वीस मिनिटे पाहिले. पाणी नितळ.

जावई म्हणाले, "बाबा, तुमचा ग्लास टक्के कुठे दाखवतो?"

तेव्हा त्यांचाच मोबाईल मागून घेऊन त्यांच्या गालावरच्या वांगाच्या डागांचा जवळून फोटो त्याच ॲपवर टाकला. उत्तर आले : 'जिवाणूजन्य ठिपके, एक्क्याण्णव टक्के. बाधित झाड ताबडतोब आवाराबाहेर काढावे व जाळावे.' मुलगी म्हणाली, "अहो, तीन टक्क्यांनी वाचलात!" तिने हे नाकारले असल्यास माझी हरकत नाही.

सल्ल्यानुसार मी जावईबापूंना कॉलर धरून फाटकाबाहेर काढले. जाळले नाही, याची नोंद व्हावी. त्यांनी मात्र, त्यांच्या तक्रारीवरून मला इथे चौकीत बसवून ठेवले होते तेवढ्यात, झाडांचा ढीग जाळला.

ग्लास त्याच दिवशी पुरावा म्हणून जप्त झाला. आज अकरा तारखेस तो साहेबांच्या खिडकीत दिसला. पाणी अर्ध्यावर आले आहे. फांदीला पांढरी मुळे फुटली आहेत.

ग्लास इतक्यात परत मिळत नसेल तर राहू द्या. पण पाणी रोज घालावे. आणि घातले का, हे कोणीतरी विचारावे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. कविता सोडल्यास माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.