हौश्या बैल चोरीस गेलेला नाही, त्याबाबत

दि. १४ मे २०२१

मी, तोताराम वना महाजन, वय ७१, धंदा शेती, रा. धरणगाव, जि. जळगाव, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की,

सुरुवातीला मी हवालदार रतिलालभाऊंना घरच्यांची प्रकृती विचारली. आईचा ताप उतरला, पत्नीच्या जिभेला चव आली, धाकटी खेळते आहे, असे कळले. "आबा, हे जबाबात येत नसते," असे ते म्हणाले. मी म्हटले, "येऊ द्या भाऊ. यंदा तेवढीच बातमी कामाची."

मी घरी एकटाच राहतो. पत्नी सुमनबाई गेल्या सप्टेंबरात कोरोनाने मयत. त्या वेळी आधी मी खोकत होतो. माझी तपासणी झाली नव्हती. तेव्हापासून मी गोठ्यात बसून जेवतो. अर्धी भाकरी मला, अर्धी माझ्या हौश्या बैलाला.

दि. २८ एप्रिल रोजी सकाळी मला ताप होता. दोन घास खाल्ले, पुढे गिळवेना, म्हणून उष्टी भाकरी हौश्याला दिली. हे शेजारी रुपचंद पुना याने कुडावरून पाहिले. त्याच दिवशी मला जळगावी कोविड सेंटरला नेले. मोबाइल घरीच राहिला. गाडीत बसताना मी रुपचंदला "बैलकडे देखजो" एवढेच बोललो.

दि. ८ मे रोजी बरा होऊन परत आलो. गोठा रिकामा. हौश्याची घंटा खुंटीला. रुपचंदच्या दाराला कुलूप. चोराशिवाय घंटा कोण काढतो, असे समजून दुसऱ्या दिवशी मी त्याच्याविरुद्ध फिर्याद दिली. अंगात त्राण नव्हते, जिभेत होते.

आज सकाळी दहा वाजता रुपचंद स्वतःच हौश्याला घेऊन ठाण्यात आला. त्याचे म्हणणे असे की, दि. ३० एप्रिल रोजी बैल खोकला. उष्ट्या भाकरीतून लागण झाली असे त्याला वाटले. गावाला कळले तर हौश्याला हाळावर पाणी पिऊ देणार नाहीत, म्हणून गुपचूप घंटा काढून त्याने त्याला पारोळा रस्त्याकडच्या मळ्यात नेले व चौदा दिवस स्वतःही तिथेच राहिला. "आबा, मी तुना बैल चोरेल नई, क्वारंटाईन करेल शे."

मी विचारले, "त्याना तोंडले मास्क लावा व्हता का?"

तो म्हणाला, "लावा व्हता. त्यानी खाई टाका."

हवालदारसाहेबांनी गुरांच्या डॉक्टर दिपमालाताईंना बोलावले. त्यांनी ठाण्याच्या आवारातच तपासले. ताप नाही. खोकला कडब्याच्या धुळीचा. त्या म्हणाल्या, "आबा, माणसाचा कोरोना गुरांना सहसा धरत नाही. क्वचित शिरलाच तर फारसा वाढत नाही. आजारपणात उष्टे देऊ नका, एवढे पाळा. पण तुमच्यामुळे याला काही झालेले नाही." हे शेवटचे वाक्य मी त्यांना पुन्हा सांगायला लावले. त्यांनी सांगितले. मग मी बाकावर बसलो.

सबब माझी रुपचंदविरुद्ध काहीही तक्रार नाही. फिर्याद गैरसमजाने दिली. पुरावा म्हणून आणलेली घंटा मी रुपचंदच्या हाती दिली व त्याने ती हौश्याच्या गळ्यात बांधली. यापुढे भाकरीचा पहिला तुकडा हौश्याला, उरलेली मला.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मध्ये बाहेर घंटा वाजली, म्हणून एक ओळ दोनदा वाचावी लागली. मी सांगितले तसेच लिहिले आहे, बरोबर आहे. रुपचंदचे नाव कागदावरून निघाले की तसे पत्र लवकर पाठवावे. त्यातच रतिलालभाऊंच्या आईंची तब्येतही कळवावी.

(सही) तोताराम वना महाजन