दुकान वाढवलं, शाखा दौंड

...आणि तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते! बरोब्बर सव्वातीन! घड्याळ होय? अहो, आमच्या घरी कुठलं आलंय घड्याळ! दौंडची एसटी न्हावऱ्यात सव्वातीनला येते, म्हंजे यायची असते. कधी चारला येते, कधी येतच नाही. आणि त्या एकाच दिवशी मेली वेळेवर आली, आणि तिच्यातनं तो मोजणीवाला उतरला. नेहमीसारखी उशिरा आली असती ना, तर मी माझ्या लेकराला, म्हाळूला घेऊन डॉक्टरांकडे गेलेली असते, त्याला घराला कुलूप दिसलं असतं, तो पुढच्या गावाला गेला असता, आणि आमची अंजना आज कॉलेजात असती. पण नाही! एसटी वेळेवर! सांगायचं कुणाला?

तर तो आला. कोवळा पोरगा, इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाईल, कुठून तरी लांबनं बदलून आलेला. मला म्हणतो कसा, "बाई, सरकारची मोजणी आहे. गावागावात धंदे किती, चालू किती, बंद किती, ते लिहायचंय." आणि आमच्या दुकानाच्या पाटीकडं बघतो. पाटी अजून तशीच आहे हो, 'येथे सायकली भाड्याने मिळतील'. दुष्काळी कामावरनं परत आल्यावर ह्यांनी हौसेनं घातलेलं दुकान. चार सायकली, एक पंप. फाट्यावर एसटी थांबायची, माणूस उतरला की आधी आमच्याकडं यायचा, सायकल घ्यायचा आणि मळ्याकडं जायचा. मग थांबा हलवला पार तिकडं, गिरणीपाशी. थांबा गेला, गिऱ्हाईक गेलं. एक एक सायकल गेली, शेवटी पंप गेला, आणि हे दौंडला दुसऱ्याच्या दुकानात पंक्चर काढायला लागले.

हे एवढं सगळं त्या पोराला एका शब्दात सांगायचं होतं. त्यानं विचारलं, "दुकान चालू की बंद?"

आता तुम्ही सांगा, तुम्ही काय म्हणाला असतात?

मांडीवर लेकरू तापानं फणफणलेलं. तिन्हीसांजेला माणूस दौंडवरनं यायचा. आणि मी उंबऱ्यात बसून माझ्याच तोंडानं म्हणू, बंद पडलं? मागं चुलीपाशी आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, कान टवकारून बसलेल्या. ह्या आत्याबाईंनीच मला शिकवलंय ना! लग्न होऊन आले, पहिल्याच महिन्यात पाटा उचलताना हातातली बांगडी गेली. मी आपली म्हणाले, "फुटली." केवढ्यानं ओरडल्या! "आगं ए सातवी पास! फुटली म्हंती! वाढवली म्हनावं!" नारळ फोडला म्हणू नये, वाढवला म्हणावं. कुंकू पुसलं म्हणू नये, वाढवलं म्हणावं. तांदूळ संपले? छे छे, तांदूळ वाढले! मी मनात म्हणायची, देवा, ह्या घरात जिकडंतिकडं नुसतं वाढतंय, आणि डब्यात काही नाही.

तर मी म्हणाले, "वाढवलं."

तो पोरगा खूश! "अरे वा! कधी वाढवलं?"

"झाले की चार महिने."

"मग हे कुलूप?"

"वाढवलंय म्हणूनच की!"

"आणि मालक कुठंयत?"

"दौंडला. तिकडच्या दुकानात असतात."

"अच्छा, अच्छा, दौंडला पण आहे!" आणि लिहितोय, लिहितोय. मला वाटलं किती समजूतदार पोर आहे, लेकराची झोप मोडू नये म्हणून हळू बोलतोय. मी तर त्याला गूळपाणी दिलं हो! पुढं विचारतो, "मालकाचं नाव?" आता ते मी कसं घेऊ? आतनं आत्याबाईंनी सांगितलं. तुम्हालाही मी सांगू शकत नाही, पण हाफिसातल्या मोठ्या माणसाला काय म्हणतात? तेच. त्याला मागं राव लावा. झालं, कळलं? तर ते.

पुढं जूनमध्ये अंजना, माझी नणंद, मॅट्रिक झाली. आमच्या वाडीतली पहिली पोरगी! मराठीत तर शाळेत पहिली. शिरूरला कॉलेजात नाव घालायचं, रोज एसटीनं जायचं, सगळं ठरलेलं. गरिबाच्या पोरीची फी सरकार भरतं, फक्त उत्पन्नाचा दाखला आणा, असं तिला शाळेतल्या बाईंनी सांगितलेलं. ह्यांना दौंडात रजा मिळेना, म्हणून आम्हीच निघालो शिरूरला. अंजना, मी, म्हाळू, आणि आत्याबाई. त्यांना कुणी चला म्हणलं नव्हतं, पण "तुमा दोगीला काय बोलाया येतंय?" म्हणून त्या गाडीत आमच्या आधी चढल्या.

कुठलं हाफिस ते विचारू नका. खुर्चीवर एक जाडजूड चष्मेवाले. आता त्यांना हाक काय मारायची? जग जे म्हणतं ते मला म्हणता येत नाही, ते तर माझ्या नवऱ्याचं नाव! मी म्हणाले, "अहो मास्तर..."

"मी मास्तर नाही!"

"बरं, भाऊ..."

"भाऊ?" चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. तिथंच आमचं निम्मं काम बिघडलं बघा.

मग त्यांनी भला मोठा तक्ता काढला, त्यावर बोट फिरवलं. "न्हावरे... सायकल दुकान... हं. दुकान वाढवलं. शाखा, दौंड." आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी पदराखाली चोरीची सायकल घेऊन बसलेय. "दोन दोन दुकानं तुमची, आणि फी माफ पाहिजे? खऱ्या गरिबानं कुठं जायचं?"

मला घेरीच आली! शाखा? अहो, दुसऱ्याच्या दारात उकिडवं बसून पंक्चर काढणाऱ्या माणसाची शाखा? मी म्हणाले, "अहो, वाढवलं म्हंजे तसं वाढवलं नाही!"

"मग कसं वाढवलं?"

"म्हंजे... वाढवलं!"

"तेच तर इथं लिहिलंय."

अंजना पुढं झाली, "वहिनीला म्हणायचंय की..." तर चष्मेवाले म्हणाले, "बाळ, तू थांब. हा तक्ता पुण्याला गेलाय, पुण्यावरनं मुंबईला गेलाय. शंभर दुकानांतली किती तगली, किती वाढली, त्याची टक्केवारी निघालीय. वाढलेल्यांत तुमचं दुकान धरलंय. तुमच्यासाठी आता सरकारनं टक्का खाली आणायचा?"

ऐकलंत? आमच्या दारात एक सायकल नाही, आणि आमच्यावर सरकारचा टक्का उभा!

पण माणूस वाईट नव्हता. अंजनाची गुणपत्रिका बघितली, जरा मऊ पडले. म्हणाले, "हे बघा बाई, माझ्यासमोर स्वच्छ सांगा. दुकान बंद पडलंय का? हो म्हणा, तलाठ्याचं काय ते मी बघतो."

मी तोंड उघडलं मात्र, आत्याबाईंनी माझा दंड धरला. "खबरदार! लेकरू काखंत हाय, माझा पोरगा परक्याच्या दारात राबतोय, आन् तू त्याच्या दुकानाचं आसलं वंगाळ नाव घेतीस? अरं बाबा खुर्चीवाल्या, वाढवलंय दुकान! वाढवलंय!"

"बघा!" चष्मेवाले म्हणाले. "सासूबाई पण तेच सांगतायत."

आता तुम्ही सांगा, तुम्ही काय म्हणाला असतात?

अंजना माझ्याकडं बघत होती. गुणपत्रिकेची घडी करत होती आणि उलगडत होती. मी म्हाळूला छातीशी धरला, त्याच्या दोन्ही कानांवर हात ठेवला, डोळे गच्च मिटले आणि म्हणाले, "बंद पडलं! दुकान बंद पडलं! सायकली बंद, पंप बंद, सगळं बंद पडलं!"

सगळं हाफिस वळून बघायला लागलं. आत्याबाई मटकन खाली बसल्या. मला वाटलं, आता वरनं काहीतरी कोसळणार. काही कोसळलं नाही. वरती पंखा तेवढा गरगरत होता.

चष्मेवाल्यांनी शांतपणे पेनाचं टोपण काढलं, कागद ओढला, आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. टोपण परत लावलं. म्हणाले, "अहो, पण आता दाखला नेऊन उपयोग काय? फीमाफीचे अर्ज कालच बंद झाले."

बंद झाले! बघा कसे म्हणाले! जीभ अडखळली नाही, कुणी दंड धरला नाही, काही नाही. सरकारला एवढा एक शब्द मात्र स्वच्छ म्हणता येतो.

परतीच्या एसटीत आत्याबाई खिडकीकडं तोंड करून बसल्या. मी म्हणाले, "अंजना, माझ्यामुळं झालं गं." तर ती पोर म्हाळूच्या टोपड्याची गाठ बांधत म्हणते, "नाही वहिनी. दारात मी असते ना, तर मी पण वाढवलंच म्हणाले असते." मराठीत पहिली आलेली पोरगी! आता सोमवारपासनं कांद्याच्या खुरपणीला जाते. पुढच्या वर्षी बघू म्हणतात घरात. पुढच्या वर्षी तिला बघायला पाहुणे येतील, दुसरं काय!

तर तेवढं गावोगाव सांगा हो. मोजणीवाला आला तर बायांनो, लेकरांचे कान झाका, पण बंद म्हणा. आणि आमच्या आत्याबाईंच्या समोर कुणी विचारलं की अंजना हल्ली एसटीला का दिसत नाही, तर शिक्षण बंद पडलं म्हणू नका.

वाढवलं म्हणा.