शिवरात्रीचा पालक

ऋतुजा : आप्पा, परत एकदा म्हणून दाखवा. "पेल्यात थंडाई होती."

हिंदुराव : न्हाय म्हणणार.

ऋतुजा : तीन शब्द आहेत हो नुसते!

हिंदुराव : त्यातला मधला खोटा हाय.

ऋतुजा : खाली यंत्रमागाच्या खडखडाटात पत्रकार ताटकळलेत. तुमच्या भजनी मंडळातल्या बसूकाकांच्या जावयानं शिवरात्रीचा व्हिडिओ स्टेटसला काय ठेवला, जिल्हाभर फिरला. वर लिहिलंय, 'सभापती फॉर्मात'. तुमची टोपी बसूकाकांच्या डोक्यावर, तुमच्या हातात हिरवा पेला, आणि देवळापुढं तुम्ही नाचताय.

हिंदुराव : नाचलोच हुतो. चांगला नाचलो की.

ऋतुजा : नाचल्याचं कुणाला काय पडलंय? आज अकराला जिल्हा परिषदेची सभा आहे. गांजाच्या लागवडीला परवानगी द्या, ही शेतकऱ्यांची मागणी सरकारकडे पाठवायची की नाही, ते ठरणार. पक्षाचा निरोप आहे, कृषी सभापतींनी विरोधात बोलायचं. सभापती कोण, तर तुम्ही. आणि तुमच्याच पेल्यात भांग. समोरचे सोडतील होय?

हिंदुराव : मागणी कुणाची हाय, त्ये बी सांग की.

ऋतुजा : काकांची.

हिंदुराव : गुंडाची. माझ्या पाठच्या भावाची. उजनीच्या काठानं गावोगाव हिंडला त्यो, उन्हातान्हात. त्याच्या इरोधात बोलायचं, आन् वर पेला बी लपवायचा. एका तोंडात दोन खोटी कशी मावतील, पोरी?

ऋतुजा : तुमचं ठरलंय तरी काय?

हिंदुराव : खरं सांगणार. व्हय, घेतो. वरसातनं एकदा, महादेवाचा परसाद म्हणून. मिसरूड फुटल्यापास्नं घेतोय. आजवर कुणाला शिवी दिली न्हाय, कुणावर हात टाकला न्हाय. आन् सभेत गुंडाच्या बाजूनं बोलणार. आपण प्यायची, अन् पिकवणाऱ्याला चोर म्हणायचं, असली सोंगं माझ्यानं व्हायची न्हाईत.

ऋतुजा : मी तुमची मुलगी म्हणून नाही, वकील म्हणून सांगते. परवान्याशिवाय भांग जवळ ठेवली तरी खटला होतो आपल्याकडे. तुम्ही कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या तोंडानं कबूल करणार, म्हणजे पोलिसांना काही कामच उरलं नाही. सभापतिपद जाईल. विधानसभेचं तिकीट तर विसराच. अख्खं आयुष्य लोकांच्या लग्नामयताला धावलात, ते सगळं पाण्यात.

हिंदुराव : जाऊ दे. म्हातारपणी खोटं बोलून आमदार व्हण्यापरीस केळी लावलेली बरी.

ऋतुजा : आई, तू तरी सांग ना यांना! मघापासून नुसत्या भाकरी थापतीयेस.

बजाबाई : आईकतीय की. कान काय पिठात हायत का माजं?

हिंदुराव : तिला इचारू नगं. गुंडाची मागणी तिलाच पटत न्हाय.

बजाबाई : न्हाईच पटत. भावजींच्या तोंडावर बोलले मी. म्हणलं, पोरंसोरं वडाय लागली म्हंजी? तर म्हणत्यात, वहिनी, दारूचं दुकान गावात परवान्यानं चालतंच की. म्हणलं, मग त्ये बी बंद करा.

हिंदुराव : अगं, त्यो वडायला मागत न्हाय. औषधाला लागतं, दोरखंडाला लागतं. सरकारनं मोजून लावू द्यावं, मोजून घ्यावं. चोरून लावणारं लावत्यातच की उसात.

बजाबाई : त्ये तुमी अन् सरकार बघा. खाली जाऊन थंडाई म्हणा, मोकळं व्हा.

हिंदुराव : तू बी? महादेवाच्या परसादावर खोटं बोलू?

बजाबाई : खोटं कुटं हाय? थंडाईच हुती.

हिंदुराव : हिरवीगार हुती!

बजाबाई : (तव्यावरची भाकरी उलटत) पालक हुता.

ऋतुजा : काय?

बजाबाई : पालक. वाटून, फडक्यातनं गाळून. बडीशेप, खसखस, मिरं जरा जास्ती घातलं, की वास लागत न्हाय. ह्यांच्या छातीत ती स्प्रिंग बसवली न्हवं, तवापास्नं. डॉक्टर म्हणलं, भांगेचा थेंब न्हाय. ह्यांनी दवाखान्यातनं घरी येतानाच सांगितलं, वरसातनं एकदाच घेतो, महादेव बघून घेईल. म्हणलं, महादेवाला कशाला तरास? मीच बघते.

हिंदुराव : सहा वरसं झाली त्याला.

बजाबाई : व्हय. सहा शिवरात्री.

हिंदुराव : साऱ्या भजनी मंडळाला पालक पाजलास?

बजाबाई : मग? तुमचा येगळा घोटा कुटं करत बसू?

हिंदुराव : अगं, बसू पायरीवरनं पडला हुता!

बजाबाई : बसूभावजी दिवसाढवळ्या बी पडत्यात.

ऋतुजा : आई! अगं आई गं, मला हसू आवरत नाहीये.

हिंदुराव : हसती काय? डोक्यात टाळ वाजत हुते माझ्या. सकाळी मस्तक असं जड व्हायचं, ही लिंबू चोखाय द्यायची, तवा कुटं उतरायचं.

बजाबाई : दिवसभराचा उपास, त्यावर तांब्याभर दूध, आन् रातभर भजन. डोकं जड हुईल न्हाय तर काय?

हिंदुराव : थांब, थांब. उपास! शिवरात्रीच्या उपासाला पालक?

बजाबाई : व्हय, पालकच.

हिंदुराव : सहा वरसं माझा उपास मोडलास व्हय गं?

बजाबाई : मोडला. दर साली आदी देवळात जाऊन सांगून येते. म्हणलं, देवा, ह्ये पाप माज्या नावावर लिव. ह्यांना काय ठावं न्हाय, ह्यांना धरू नगंस.

हिंदुराव : आन् देव काय म्हणला?

बजाबाई : तुमी हितं बसून वाद घालताय न्हवं? मग ऐकलंच म्हणायचं.

ऋतुजा : आप्पा, उठा! सुटलात तुम्ही. थंडाई म्हणायचं, आणि तेच खरं! चला खाली.

हिंदुराव : थांब जरा.

ऋतुजा : आता काय?

हिंदुराव : दोन शिवरात्रीमागं गुंडा आला हुता देवळापुढं.

बजाबाई : हं.

हिंदुराव : धरणाचं पाणी मागं सरलं, की मोटार कुणाची पुढं न्यायची, एवढ्यावरनं आठ वरसं आमी एकामेकाचं तोंड बघत न्हवतो. त्या दिवशी म्या त्याच्या गळ्यात पडलो. रडलो. चूक माझी हुती म्हणलं. पाइप तुझा पुढं, माझा मागं, म्हणलं.

बजाबाई : म्हणला की. साऱ्यांनी आईकलं.

हिंदुराव : मला वाटलं, भांगेनं बोलवलं. शुद्धीत असतो तर माझ्या तोंडातनं निघालं नसतं. लई आकडू माणूस मी. आजवर दर शिवरात्रीला मनात म्हणतो, बरं झालं पेला घेतला.

बजाबाई : तुमीच बोललासा. पालकानं कुणी बोलत न्हाय.

हिंदुराव : गुंडाला बी तसंच वाटत आसंल. नशेत बोलला दादा.

बजाबाई : तसंच वाटलं त्यांना. रडून झालं, तसं मागल्या दारानं माज्याकडं आलं. म्हणलं, वहिनी, मी निघतो. दादा उद्या इसरंल, परत माजा पाणउतारा नगं. चप्पल बी घातली हुती पायात.

हिंदुराव : मग?

बजाबाई : मग सांगितलं त्यांना. पातेल्यात उरल्याला पालकाचा चोथा दाखवला. म्हणलं, ही बगा तुमच्या दादाची नशा.

हिंदुराव : काय म्हणला त्यो?

बजाबाई : चप्पल काढली, अन् तितंच चुलीपाशी बसून लेकरागत रडलं. म्हणलं, म्हंजी दादा शुद्धीवर हुता. तवापास्नं शिवरात्रीचा पालक त्यांच्याच मळ्यातनं येतोय.

ऋतुजा : काकांना ठाऊक आहे? आणि इतके दिवस एक अक्षर नाही बोलले?

बजाबाई : मीच शपथ घातली हुती. ह्यांची नाचायची हौस का मोडा?

ऋतुजा : आप्पा... पाणी देऊ का?

हिंदुराव : नगं. उपरणं दे माझं.

ऋतुजा : काय सांगणार खाली?

हिंदुराव : थंडाई हुती, पालकाची. स्प्रिंग बसायच्या आदी भांग घ्यायचो, कुणी इचारलं तर त्ये बी सांगतो.

ऋतुजा : हसतील सगळे.

हिंदुराव : हसू द्यात. हिनं मला सहा वरसं नाचवलं, त्ये काय कमी?

ऋतुजा : आणि सभेत? आता काकांच्या बाजूनं बोलायची गरज नाही, आप्पा. अडचण मिटली. पक्षाचंही राखता येईल, काकाही समजून घेतील.

हिंदुराव : घेईल की. त्यो लई समजून घेतो. म्हणूनच बोलणार. मघाशी पेल्यापायी अडकलो म्हणून त्याची बाजू घेत हुतो, आता मनापासनं घेतो.

ऋतुजा : तिकीट?

हिंदुराव : मिळालं तर लढू. न्हाय तर गुंडाच्या शेजारी आपली बी केळी.

बजाबाई : बोलायचं तर ह्ये बी बोला. पोरांच्या हातात जाणार न्हाय, ह्याचा बंदोबस्त आदी, परवानगी मागनं.

हिंदुराव : बोलतो. बजाबाईंचं म्हणणं म्हणून बोलतो, सभेच्या कामकाजात नाव घालतो तुझं.

बजाबाई : नाव नगं. च्या घ्या. भाकरी गरम हाय, शेंगाची चटणी हाय, दोन घास खाऊनच उतरा खाली.

हिंदुराव : ह्या च्यात काय घातलंयस?

बजाबाई : आलं.

हिंदुराव : नुसतं आलं?

बजाबाई : नुसतं आलं. प्या, अन् शुद्धीवर जावा.

हिंदुराव : शुद्धीवरच हाय की गं. सहा वरसं झाली.