कोमट चहा

संध्याकाळी निगडीला चाकणच्या बसची वाट बघत होतो. पुढे कंपनीच्या शर्टातले दोघं बोलत होते.

“नवनाथ, वकीलबाईंनी तुझ्या बायकोला नोटीस धाडली का?”

“नाही राव. बाई ऑफिसात एकट्याच असतात. म्हणाल्या, तुम्हाला नेमकं काय पाहिजे ते सांगा, कायद्याचं मी बघते.”

“घटस्फोट पाहिजे म्हणायचं.”

“म्हणालो. तर विचारलं, तो मिळाल्यावर काय करणार?”

“वकील असं विचारतोय व्हय?”

“त्यांचे आईबाप पण कंपनीत होते. एक दिवसपाळीला, एक रातपाळीला. दोघांचे निरोप लहानपणी ह्याच पोचवायच्या. म्हणाल्या, अजून तेच काम करते.”

“मग तू?”

“माझं नि विजयश्रीचं सांगितलं, नवराबायकोचं. मी नाईट करून यायचो तवर ती फर्स्ट शिफ्टला गेलेली. ओट्यावर झाकलेला चहा तेवढा कोमट असायचा. तीच आमची भेट. भांडायला सुद्धा सुट्टीचा दिवस लागायचा.”

“आणि आता?”

“आता पातेलं पालथंच असतंय. बाई म्हणाल्या, आधी तिच्यासमोर बसून एकदा चहा प्या. मग या, नोटीस लिहू.”

“बस आली बघ. चल.”

“तू हो पुढं. मी दापोडीला निघालोय, तिच्या माहेरी.”

“ड्यूटी?”

“घरनं निघाल्यावर फोन करून आजची रजा टाकली.”

“बोलेल का ती तुझ्याशी?”

“काय माहीत. पण ह्या टायमाला जागी असेल.”