धनुबाईंनी पाहिलेली पाणचक्की

काजल शहाद्याच्या स्टँडवर नंदुरबारच्या बसची वाट पाहत होती. तिच्या मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, प्रकाशाच्या धनुबाई आणि नंदुरबारच्या किराणा दुकानवाल्या तीजाबाई.

“मुलगा विदेश फिरवून आणतो. नशीबवाली आहेस बाई!” तीजाबाई म्हणाल्या.

“शे ना. मन्हा पोऱ्या भाग्येशनी तठलं एक जुनं गाव दखाडं. नदीना धबधबा, नि त्यास्ना पानीवर फिरनाऱ्या दळनन्या चक्क्या.”

“मग फोटो काढले असतील?”

“पोऱ्या नि वहू फोटोच काढी ऱ्हायनात. मी एक चक्कीमा जाईसन बठनी. तठे एक बाई मक्का दळी ऱ्हायनी व्हती.”

“बोलली का तुझ्याशी?”

“तिनी भाषा माले येत नही, मन्ही तिले. मीच बोलत ऱ्हायनी. मालक वारनात तवयपाईन पोटमा व्हतं, ते समदं.”

“नवरा गेल्यापासूनचं सगळं? मुलाला नव्हतं सांगितलं?”

“तो इचारस, माय बरी शे ना? मी म्हनस, बरी शे.”

“आणि ती बाई?”

“चक्कीना आवाजमा मन्हं बोलनं बुडी जाये. तिनी उठीसन फळी टाकी, पानी अडायं. चक्की थांबनी. मंग मन्हाजोडे यीसन बठनी.”

“पण तिला समजत तर नव्हतं!”

“नही ना. तरी बठनी.”

तेवढ्यात बस लागली.

“ऊठ व माय, गाडी उनी.”

“जाऊ दे. दुसरी येईल. तू मला सांग, तिला काय काय सांगितलं ते.”

काजल चढली. खिडकीजवळ जागा मिळाली. बस निघाली तेव्हा बाहेर धनुबाई बोलत होत्या, पण काचेतून तिला काही ऐकू येत नव्हतं.