गच्चीवरचा सोलर कुकर

सोलर कुकरचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो. केंद्राच्या सौरऊर्जा धोरणामुळे वीस वर्षांत किती कार्बन वाचेल, याचा अंदाज आमच्या बडोद्याच्या कचेरीत काढत होते. सूत्र माझंच होतं. कुकर धड असेल, तर तो रोज वापरात आहे असं धरायचं.

बायको हसायची. "अहो, कुकर काय आपला आपण गच्चीवर जाऊन डाळ लावतो?"

ती गेली, त्याच वर्षी कुकरांच्या पडताळणीच्या यादीत समा भागातलं आमचं घर निघालं. कचेरीतल्या मेधाबेन फॉर्म घेऊन आल्या. गच्चीवर त्यांनी कुकरची काच पुसून पाहिली.

"साहेब, कुकर तर एकदम बराबर छे. वापरात लिहू ना?"

"नको. आठ महिने कुणी उघडलेला नाही."

"का? काही बिघडलंय?"

"कुकरचं काही नाही."

त्या घुटमळल्या. "पण साहेब, कुकर धड आणि वापर बंद, असा रकानाच नाही. फॉर्म तुम्हीच केलाय ना?"

त्यांनी 'वापरात'समोर खूण केली.

अहवाल दिल्लीला गेला. त्याप्रमाणे आमच्या गच्चीवर अजून वीस वर्षं रोज डाळ शिजणार आहे.